बेदाण्याचं पाणी गोड का?

परासरण शिकवायचं म्हटलं की आपल्याकडच्या शाळांत पहिला मान बेदाण्याचा. वाटीभर पाण्यात चार बेदाणे टाकायचे, दुसऱ्या दिवशी टम्म फुगलेले दाखवायचे आणि फळ्यावर व्याख्या लिहायची: निवडक्षम पटलातून, जास्त पाणी असलेल्या बाजूकडून कमी पाणी असलेल्या बाजूकडे होणारा पाण्याचा प्रवास म्हणजे परासरण. मुलं उतरवून घेतात, दोन गुण पक्के होतात, तास संपतो.

मी तासगाव तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. इथे हा प्रयोग जरा जपूनच करावा लागतो. वर्गात कुणाच्या घरचं बेदाण्याचं शेड असतं, कुणाची आई हंगामात शेडवर कामाला जाते. बेदाणा कसा होतो हे त्या पोरांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं. आठवीच्या वर्गात 'पेशी व पेशीअंगके' हे प्रकरण चालू असताना एका मुलीनं मध्येच हात वर केला. "मॅडम, बेदाणा तर पंधरा-पंधरा दिवस वाळवतात. त्यातल्या पेशी मेल्याच असणार. मग हे निवडक्षम पटल आलं कुठून?"

प्रश्न चोख होता. उत्तर मी तिलाच द्यायला लावलं. ज्या वाटीत बेदाणे भिजवले होते त्यातलं पाणी चमचाभर चाखायला सांगितलं. पाणी गोड होतं. आता पटल शाबूत असतं, तर पाणी आत गेलं असतं, पण साखर बाहेर कशाला आली असती? ताजं, देठासकटचं द्राक्ष रात्रभर पाण्यात ठेवा, पाण्याला गोडी लागत नाही. बेदाण्याचं पाणी मात्र गोड होतं. म्हणजे त्यातली पटलं फाटली आहेत. तरीही तो फुगतो, कारण मण्याची साल आणि पेशींच्या भिंती अजून जागेवर असतात. त्यांच्यातून पाणी भराभर आत शिरतं आणि साखर रेंगाळत बाहेर येते. घाईत आणि रेंगाळण्यात जो फरक पडतो, तो आपल्याला फुगलेला बेदाणा म्हणून दिसतो.

थोडक्यात, शाळेतला हा लाडका प्रयोग अर्धाच खरा आहे. मी तो काढून टाकलेला नाही, पण त्याच्या शेजारी दोन बटाटे ठेवते, एक कच्चा आणि एक उकडलेला. दोन्हींचा तळ सोलून सपाट करायचा, वरून चमच्यानं खळगा कोरायचा, खळग्यात चमचाभर साखर घालायची आणि दोन्ही बटाटे बशीभर पाण्यात उभे करायचे. दोन-तीन तासांनी कच्च्या बटाट्याच्या खळग्यात पाक चढलेला दिसतो. उकडलेल्यात साखर नुसती ओलसर होऊन बसते, पाक काही वर चढत नाही. बटाटा तोच, साखर तीच, पाणीही तेच. फरक एवढाच की एकातलं पटल जिवंत आहे आणि दुसऱ्यातलं उकळत्या पाण्यानं मारलेलं आहे.

जिवंत पटल आणि मेलेलं पटल. पाठ्यपुस्तक या फरकावर फारसं थांबत नाही, पण आमच्या सांगली-साताऱ्याचा निम्मा धंदा त्यावरच उभा आहे.

आधी हे पटल म्हणजे काय ते पाहू. पेशीभोवतीच्या प्रद्रव्यपटलाची जाडी साधारण ७ ते ८ नॅनोमीटर. एका मिलिमीटरमध्ये अशी सव्वा लाख पटलं एकावर एक मावतील. ते मुख्यतः मेदाचं असतं. मेदाच्या रेणूचं डोकं पाण्याकडे ओढ घेतं, शेपट्या पाण्यापासून दूर पळतात. म्हणून असे रेणू दोन थरांत उभे राहतात, डोकी बाहेर आणि शेपट्या आत. हे दोन थर आहेत हे १९२५ साली हॉलंडमधल्या गॉर्टर आणि ग्रेंडेल या दोघांनी दाखवलं. त्यांनी तांबड्या रक्तपेशींमधला सगळा मेद काढला, पाण्यावर पसरला आणि त्यानं व्यापलेलं क्षेत्र मोजलं. ते पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरलं. पुढे लक्षात आलं की त्यांनी मेद पुरता काढलाच नव्हता आणि पेशीचं क्षेत्रफळही कमी धरलं होतं. दोन्ही चुका एकमेकींना खाऊन गेल्या आणि उत्तर बरोबर आलं. आमच्या गणिताच्या सरांनी असल्या उत्तराला शून्य गुण दिले असते.

मेदाच्या या थरातून ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड सहज आरपार जातात. साखर आणि मिठाचे आयन अडतात. पाणी थोडंफार जातं, पण पेशीची गरज भागेल इतक्या वेगानं नाही. मग मूळ, मूत्रपिंड, लाळग्रंथी यांच्यातून पाणी इतकं वेगानं कसं वाहतं, हे कोडं बरीच वर्षं सुटत नव्हतं. अमेरिकेतले पीटर ॲग्रे तांबड्या रक्तपेशींमधल्या ऱ्हीसस रक्तगटाच्या प्रथिनावर काम करत असताना त्यांना एक भलतंच प्रथिन हाती लागलं. ते निघालं खास पाण्यासाठीचं छिद्र. त्याला ॲक्वापोरिन असं नाव पडलं. अशा एका छिद्रातून सेकंदाला अब्जावधी रेणू एका रांगेत जातात, आणि ते फक्त पाण्याचे असतात. या शोधासाठी ॲग्रे यांना २००३ सालचं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. द्राक्षवेलीच्या मुळांतही हीच जातकुळी आहे.

पाणी ढकलायला पेशीला ताकद लावावी लागत नाही, ते ज्या बाजूला विरघळलेलं द्रव्य जास्त तिकडे आपसूक जातं. पण काही गोष्टी उलट्या दिशेनं न्याव्या लागतात. आपल्या प्रत्येक पेशीत सोडियमचा पंप असतो. तो दर फेरीला ३ सोडियम बाहेर टाकतो, २ पोटॅशियम आत घेतो आणि त्यासाठी पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या एटीपीचा एक रेणू खर्ची घालतो. डेन्मार्कचे येन्स स्काउ यांनी तो १९५७ साली खेकड्याच्या चेतातंतूंत शोधला आणि त्यांना नोबेल मिळायला १९९७ साल उजाडलं. पंप चालतो तोवर पेशी जिवंत. पंप बंद पडला की आतलं-बाहेरचं सगळं एक होतं.

आता पुन्हा बागेत येऊ.

द्राक्ष बागायतदाराला परासरणाची व्याख्या विचारू नये, पण त्याचा तडाखा तो पुरता ओळखून असतो. माल काढणीला आलेला, मण्यात साखर भरलेली आणि त्यात अवकाळी पावसाची एक सर. दुसऱ्या दिवशी घडात तडकलेले मणी. २० ब्रिक्स म्हणजे १०० ग्रॅम रसात २० ग्रॅम साखर. अशा रसाच्या पलीकडे शुद्ध पाणी आलं, तर हिशेबानं २५ ते ३० वातावरण इतका दाब तयार होऊ शकतो. मोटारीच्या टायरमध्ये तो दोन-सव्वादोन असतो. पावसाचं पाणी सालीवर तासन्‌तास थांबतं, मुळांकडूनही वर चढत असतं, आत साखर ओढ देत असते. साल किती ताणणार? तडा गेला की बुरशी वाट बघत असतेच, आणि व्यापारी दर पाडायला.

तडकलेला माल सोडून उरलेला बेदाण्याला जातो. माझ्या धाकट्या दिरांचं शेड आहे. शेड म्हणजे लांबलचक मांडव. आत एकावर एक जाळ्यांचे कप्पे आणि बाजूंनी हिरवं शेडनेट. हंगामात तिथे उभं राहिलं की नाकात एकच वास बसतो. प्लॅस्टिकच्या मोठ्या टबात द्रावण केलेलं असतं. १ लिटर पाण्याला २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिली डिपिंग ऑइल, असं साधारण माप. प्रत्येकाचा हात थोडा कमी-जास्त. द्राक्षांचं क्रेट टबात दोन-चार मिनिटं बुडवायचं, उचलायचं, निथळायचं आणि जाळीवर पसरायचं. भाऊजींना मी एकदा विचारलं, "हे नाही केलं तर?" ते म्हणाले, "वहिनी, मग बेदाणा नाही होत, मनुका होतो. काळा. आणि महिना जातो."

डिपिंग ऑइलमध्ये मुख्य असतं इथाइल ओलिएट, म्हणजे मेदाम्लापासून केलेला एक तेलकट पदार्थ. द्राक्षाच्या सालीवर जो पांढुरका थर बोटाला लागतो, ते मेण असतं. मेणाच्या सूक्ष्म चकत्या एकावर एक अशा बसलेल्या असतात की पाण्याला बाहेर पडायला फटच सापडत नाही. वेलीवर असताना मण्याला हे हवंच असतं. शेडमध्ये तेच आडवं येतं. तेलकट द्रावण या चकत्यांची मांडणी बिघडवतं आणि पाण्याला वाट होते. मेण धुऊन जात नाही, त्याची शिस्त मोडते. सालीवरचं मेण आणि पेशीचं पटल या वेगवेगळ्या वस्तू आहेत, हे मी मुलांना बजावून सांगते. पण पाणी अडवायला निसर्गानं दोन्हीकडे स्निग्ध पदार्थच वापरलाय, आणि त्याच्यावर मात करायला माणसानंही स्निग्ध पदार्थच शोधला. ही युक्ती आमच्याकडची नाही. भूमध्य समुद्राकाठी ऑलिव्हचं तेल आणि राखेचं पाणी वापरून दोन हजार वर्षांपूर्वीही द्राक्षं अशी बुडवत होते.

दोन ते तीन आठवड्यांत माल तयार. ४ किलो द्राक्षांचा १ किलो बेदाणा हे शेडवरचं पाठ गणित, आणि ते वर्गात सोडवून घेण्याजोगं आहे. मण्यात २२ टक्के घन धरला तर ४ किलोत तो ८८० ग्रॅम. बेदाण्यात १५ टक्के पाणी ठेवायचं तर एकूण वजन १ किलो ३५ ग्रॅम. अंदाजाला बसलेलं माप इतकं बिनचूक निघतं, याचं पोरांना फार कौतुक वाटतं. नागज, जुनोनीच्या बाजूला रस्त्याच्या दुतर्फा शेडच शेड दिसतात, कारण तिथली हवा कोरडी. तासगाव आणि सांगलीच्या बाजार समितीत सौदे होतात. २०१६ साली सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

बेदाणा वर्षभर टिकतो तोही परासरणामुळेच. बुरशीचा बीजाणू त्याच्यावर पडला, तर आतल्या साखरेकडे बीजाणूमधलंच पाणी ओढलं जातं. इथे पटल जिवंत आहे ते बुरशीचं, आणि त्याचाच तिला तोटा. महाबळेश्वर-पाचगणीच्या स्ट्रॉबेरीचा जॅमही याच न्यायानं टिकतो. त्यात साखर ६५ टक्क्यांच्या वर गेली की जंतूंची डाळ शिजत नाही.

माझं माहेर वाई तालुक्यातलं. तिथे लहानपणी शेवटच्या परीक्षेआधी हळद शिजायची आणि अख्ख्या गल्लीला तो वास यायचा. मोठी कढई, खाली उसाच्या पाचटाचा जाळ, वर गोणपाटानं झाकलेली हळद. फेस आला, वास सुटला, गड्ड्यात काडी आरपार गेली की आजोबा म्हणायचे, काढा. आता सगळीकडे वाफेचे कुकर आलेत, काम तासाभराच्या आत उरकतं आणि हळद सारखी शिजते. हळद वाळवायचीच आहे, तर आधी पाण्यात शिजवायची कशाला, हा प्रश्न मला तेव्हाही पडायचा. उत्तर महाविद्यालयात मिळालं. कच्च्या गड्ड्यात पेशी जिवंत असतात आणि जिवंत पेशी पाणी सोडत नाही. शिजवलं की पटलं मोडतात, पाणी मोकळं होतं, स्टार्च फुगून एकजीव होतो आणि पिवळं द्रव्य त्याच्या पेशींमधून निघून सगळीकडे सारखं पसरतं. कच्चं हळकुंड मोडा आणि शिजवून वाळवलेलं मोडा, आतल्या रंगाचा फरक लगेच दिसतो. न शिजवता वाळवायला गेलं तर कितीतरी जास्त दिवस जातात. शाळेत हेच बीटावर दाखवता येतं. बीटाची फोड गार पाण्यात धुऊन ठेवली तर पाणी जेमतेम गुलाबी होतं, गरम पाण्यात टाकली की लालभडक. बीटाचा रंग पेशीतल्या रिक्तिकेत, म्हणजे आतल्या पिशवीत, कोंडलेला असतो, आणि उष्णतेनं तिचं पटल फुटतं.

म्हणजे हळदीचा कुकर हा पटलं मारण्याचा कारखाना, आणि द्राक्षाचा टब हा पाण्याची अडवणूक मोडण्याचा. मालाला भाव येतो तो आतलं-बाहेरचं अंतर मोडलं म्हणून.

नदीकाठी मात्र नेमकं उलटं आहे.

मिरज तालुक्यात कृष्णेच्या काठाला माझ्या चुलत सासऱ्यांची जमीन आहे. सगळे त्यांना आप्पा म्हणतात. काळी, खोल, एकेकाळी नाव घ्यावी अशी जमीन. आता उन्हाळ्यात वरंब्यांवर पांढरा थर येतो आणि उसाचे पट्टे मधेमधे बसके, पिवळे दिसतात. मागे गेले तेव्हा आप्पा म्हणाले, "ऊस पाणी मागतोय बघ. मोटर दोन तास जास्त सोडायला पाहिजे." ऊस खरंच तहानलेला होता. पण पायाखालची माती ओलीच होती.

पुस्तकातलं परासरण इथे शेतात उभं आहे. मुळाच्या पेशीत क्षार आणि साखर असते, मातीतलं पाणी त्यामानानं गोडं असतं, म्हणून पाणी आत शिरतं. मातीतलं पाणीच खारट झालं की ही ओढ कमी होते. मातीची क्षारता ईसी या मापात मोजतात, एकक डेसिसीमेन्स प्रति मीटर. ४ च्या वर गेली की जमीन क्षारपड. ईसीला ०.३६ नं गुणलं की मातीतल्या द्रावणाचा परासरणी दाब वातावरणात अंदाजे मिळतो. ईसी ४ म्हणजे जवळपास दीड वातावरण. ऊन पडून माती निम्मी सुकली की तोच दाब दुपटीकडे जातो. मुळाला पाणी ओढताना एवढी ओढ आधी फेडावी लागते. एफएओच्या तक्त्यांनुसार उसाचं उत्पन्न ईसी १.७ पासूनच घसरू लागतं आणि पुढच्या प्रत्येक एककाला जवळपास ६ टक्के कमी होतं. द्राक्ष त्याहून नाजूक. ते १.५ ला कुरकुरायला लागतं आणि एककामागे साडेनऊ टक्के उत्पन्न घालवतं.

आणि आप्पांचा उपाय? आणखी पाणी. काळ्या मातीतून ते खाली निचरत नाही, भूजल वर येतं, वर आलेलं पाणी उन्हानं उडून जातं आणि क्षार मागे ठेवतं. दरवर्षी थोडा थोडा. शिवाय पाणी साचलेल्या जमिनीत हवा राहत नाही. ओल आणि हवा दोन्ही असलेली, शेतकरी वाफसा म्हणतो ती स्थिती मुळाला का लागते, तर मुळाच्या पटलातले पंप एटीपीवर चालतात आणि एटीपी भरपूर करायला ऑक्सिजन लागतो. नायट्रेट, पोटॅशियम आत ओढणं आणि सोडियमला बाहेर रोखून धरणं, ही दोन्ही कामं पंपांच्या जिवावर चालतात. वाफसा गेला की पंप मंदावतात. खत टाकलेलं असतं पण आत जात नाही, सोडियम नको असतो तो शिरतो. शेतकऱ्याला वाटतं खत कमी पडलं, तो आणखी टाकतो, म्हणजे मातीत आणखी क्षार. युरियाची ओंजळ बुडख्याला पडल्यावर रोप का करपतं, तेही याच गणितात बसतं. मुळातलं पाणी उलट बाहेर येतं. पुस्तकात याला बहिःपरासरण आणि रससंकोच म्हणतात, शेतात म्हणतात 'खत लागलं'.

कसबे डिग्रज इथल्या कृषी संशोधन केंद्रानं या जमिनींवर बरंच काम केलंय. आजूबाजूच्या गावांत सच्छिद्र पाइप जमिनीखाली घालून निचरा काढण्याचे प्रयोग झालेत. जमिनीचा प्रकार ओळखणं महत्त्वाचं. नुसती क्षारयुक्त असेल तर निचरा आणि गोड्या पाण्यानं क्षार धुणं पुरतं. सोडियम चिकणमातीला चिकटून ती चोपण झाली असेल तर आधी जिप्सम, मग निचरा. निचऱ्याशिवाय नुसतं जिप्सम टाकणं म्हणजे पैसे मातीत घालणं. खर्च मोठा आहे, एकट्या शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरचा, आणि शेजाऱ्यानं साथ दिल्याशिवाय चर पुढे जात नाही. पण मला खरी काळजी वाटते ती आमच्या पूर्व भागाची. टेंभू, म्हैसाळ, ताकारी या उपसा सिंचन योजनांचं पाणी दुष्काळी गावांत पोचलं, ही पिढ्यांच्या हक्काची गोष्ट आहे. ते पाणी तिथल्या शेतकऱ्यानं ठिबकनं, वाफसा सांभाळून दिलं तर बरं. कृष्णाकाठानं मुक्त पाटपाण्यानं जे केलं, त्याची पुनरावृत्ती पूर्वेला होऊ नये.

शेवटी माणसाच्या पोटातलं पटल. त्याच्याविषयी आपल्याकडे गैरसमज ढीगभर आहेत.

मिरज हे दवाखान्यांचं गाव. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली इथे रुग्णालय उभारलं तेव्हापासून कर्नाटकातूनही लोक उपचाराला मिरजेला येतात. आणि खेड्यातून आलेल्या नातेवाइकांची एक मागणी ठरलेली: "डॉक्टर, एक सलाईन लावा, ताकद येईल." साध्या सलाइनच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत ४.५ ग्रॅम मीठ असतं, बाकी पाणी. बस. ०.९ टक्का हे माप एवढ्यासाठी की त्याचा परासरणी दाब रक्ताइतकाच असतो. पुस्तकाच्या भाषेत ते समपरासारी द्रावण. नुसतं पाणी शिरेत सोडलं तर तांबड्या पेशी फुगून फुटतील. उलटी थांबत नसेल, रुग्ण शुद्धीवर नसेल, तर सलाईन जीव वाचवतं. पण जो रुग्ण पिऊ शकतो, त्याच्या शिरेत मीठपाणी सोडून कसली ताकद येणार?

जुलाबात शरीरातून पाणी आणि क्षार वाहून जातात, आणि नुसतं पाणी किंवा नुसतं मीठपाणी पाजलं तर आतडं ते नीट शोषत नाही. याचं कारण शास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली सांगितलं. आतड्याच्या पेशीच्या पटलात एक प्रथिन असतं, ते सोडियम आणि ग्लुकोज यांना जोडीनंच आत घेतं. दोघं आत गेले की त्यांच्यामागे पाणी जातं. पटकीत आतड्याचं बाकीचं काम बिघडलं तरी हे दार शाबूत राहतं. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांमध्ये पटकी पसरली तेव्हा बंगालमधल्या बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांच्याकडचं सलाईन संपत आलं. त्यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा मोजून पाकिटं भरली, पिंपात द्रावण केलं आणि नातेवाइकांनाच पाजायला सांगितलं. एरवी १०० तले ३० रुग्ण दगावायचे, ते प्रमाण साडेतीन टक्क्यांच्या आसपास आलं. भारत सरकारनं त्यांना २०२३ साली मरणोत्तर पद्मविभूषण दिलं. जिवंतपणी त्यांचं नाव किती भारतीयांना ठाऊक होतं हा प्रश्न मी वर्गात विचारत नाही, उत्तर माहीत आहे.

माउलींची पालखी नीरा ओलांडून साताऱ्यात येते, लोणंद, तरडगाव, फलटण असा मुक्काम करते. सांगलीला २०१९ आणि २०२१ साली महापूर आले. गर्दी, पूर आणि दूषित पाणी एकत्र आलं की जुलाब ठरलेले. म्हणून घरात दोन गोष्टी माहीत हव्यात. औषधाच्या दुकानातलं जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचं ओआरएस, म्हणजे असंच द्रावण करायचं पाकीट, २०.५ ग्रॅमचं असतं: मीठ २.६, ग्लुकोज १३.५, पोटॅशियम क्लोराइड १.५ आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम. हे माप पूर्ण १ लिटर पाण्यासाठी आहे. अर्ध्या लिटरात घातलं तर द्रावण रक्तापेक्षा घट्ट होतं, उलट शरीरातलंच पाणी आतड्यात ओढलं जातं आणि जुलाब वाढतात. आणि चवीच्या गोड पेयांच्या डब्यांवर भुलू नका. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं अशा पेयांच्या नावात ओआरएस हा शब्द वापरायला मनाई केली, पण दुकानात बघून घेणं आपल्या हातात आहे. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र छापलेलं आहे का ते वाचा, लिटरची बाटली घ्या, पाणी उकळून गार करा, पाकीट सगळं ओता आणि ते चोवीस तासांच्या आत संपवा.